वन-वे केबल

केबल ४२० रुपयांची. आकडाच बोलका होता, पण तेव्हा माझं सगळं लक्ष मॉनिटरकडे.

मॉनिटर मेव्हण्याकडून फुकट आलेला, त्याला केबल लावायला फक्त डिस्प्लेपोर्टचं तोंड. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआयचं. ही दोन्ही तोंडं असलेली केबल नौपाड्यातल्या एका दुकानातून आणली, लावली, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. टाइप-सीकडे वळलो. माझ्या लॅपटॉपचं टाइप-सी चार्जिंग करतं, पेनड्राइव्ह वाचतं, चित्र मात्र पाठवत नाही. दिसायला चित्र पाठवणाऱ्याचा जुळा भाऊ.

परत दुकानात. काउंटरवर रिमोटचे सेल बदलून मागायला आलेले एक काका.

“पिना मोजल्यास का?”

“नाही.”

“तिथेच चुकतोस.”

केबल माझ्या हातातून घेऊन, चष्मा कपाळावर चढवून ते खरंच मोजायला लागले. मागे चार गिऱ्हाइकं. अकराव्या पिनेला कोणाचा तरी धक्का लागला, पुन्हा पहिल्यापासून. एचडीएमआयच्या १९ भरल्या, डिस्प्लेपोर्टच्या २०.

“एक जास्त आहे! ती कुठे जाणार?” एसटीत एका माणसाला जागा मिळाली नसावी, असा चेहरा.

“आमच्या जुन्या व्हीजीए केबलला १५. स्क्रू आवळायचे. पिन वाकली तर रिकाम्या रिफिलने सरळ करायची. चित्र यायचंच!”

हे मात्र खरं. १९८७ सालचं ते व्हीजीए आमच्या ऑफिसच्या प्रोजेक्टरला अजून लटकतंय.

“उलटी लावून बघ.”

“काका, टोकं वेगळी आहेत, उलटी लागेल कशी?”

दुकानदाराने मोबाइलमधून मान वर काढली. “काका बरोबर बोलतायत. केबल वन-वे आहे. कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, पडद्याकडे एचडीएमआय. तुमचं उलटं आहे.”

काका मागच्या चौघांकडे बघून हसले.

म्हणे डिस्प्लेपोर्टवाल्या बऱ्याच कॉम्प्युटरना एचडीएमआयची भाषा बोलता येते, एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची येत नाही. मध्ये दुभाषी चिप लागते, तिला यूएसबीतून खायला घालावं लागतं. ठीक आहे, पण ठाण्यात गल्लोगल्ली वन-वेचे बाण आहेत, या केबलवर नखाएवढा एक बाण छापायला काय झालं होतं?

“मग परत घ्या.”

“पाकीट फोडलंय तुम्ही.”

पाकीट न फोडता केबल कशी लावायची, हे मी विचारलं. उत्तरादाखल त्याने १,६५० चा कन्व्हर्टर पुढे ठेवला.

काकांचे सेल बदलून दिले. बिल न बघता. पाकीट तर नव्हतंच.