थायरॉइडची गोळी ही वजन उतरवायची गोळी नाही

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतो आहे. दवाखान्यात येणारं कुणी ना कुणी तो मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरतं. मजकूर थोडक्यात असा: दहातल्या नऊ जाड माणसांचं वजन थायरॉइडमुळे वाढतं. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं पिट्यूटरीचं हार्मोन; ग्रंथी मंदावली की त्याचा आकडा वाढतो) पाचच्या पुढे गेला की तेच लठ्ठपणाचं मूळ. गोळीचा डोस वाढवून घ्या, वजन झरझर उतरेल. गोळी नको असेल तर ती सोडा, आयोडीनचं मीठ, कोबी आणि फ्लॉवर बंद करा, सैंधव खा आणि उपाशीपोटी धण्याचं पाणी प्या.

‘दहातले नऊ’ हे आधी पाहू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबईही होती, प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये थायरॉइड मंदावलेलं आढळलं. प्रमाण मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण २०२३च्या आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी अभ्यासात पोटाचा घेर वाढलेले प्रौढ ३९.५ टक्के निघाले. मंद थायरॉइड असलेला प्रत्येक जण जाड आहे असं धरलं, तरी हा हिशोब जुळत नाही.

शिवाय थायरॉइड खरोखर मंदावलं तरी त्यापायी वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो असतं, आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा. चेहरा आणि पापण्या सुजतात त्या यामुळेच. २० किलो चरबी एकट्या थायरॉइडच्या नावावर टाकता येत नाही.

आता मेसेजमधला सगळ्यात फसवा मुद्दा: टीएसएच जास्त, म्हणून वजन वाढलं. बऱ्याचदा घडतं ते नेमकं उलटं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला चेतवतं, तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला निरोप जातो आणि टीएसएच थोडा वर सरकतो. टी-४ आणि टी-३ ही थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं. लठ्ठ व्यक्तीचा टीएसएच ५ किंवा ६ आणि टी-४ मात्र अगदी नॉर्मल, असे रिपोर्ट मी नेहमी बघतो. टी-३ तर कधी कधी किंचित जास्तच असतं. म्हणजे ग्रंथी थकलेली नसते, ती जादा काम करत असते. वजन उतरलं की हा आकडा बहुतेकदा आपोआप खाली येतो. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे स्पष्ट दिसलेलं आहे.

‘डाएट करूनही उतरत नाही’ म्हणणाऱ्यांना एक सांगायला हवं. एकदम खाणं तोडलं की शरीर टी-४चं रूपांतर कामाच्या टी-३मध्ये कमी आणि निष्क्रिय रूपात जास्त करू लागतं. उपासमारीत शक्ती वाचवायची ही त्याची रीत आहे. दोन काकड्या आणि ताकावर काढलेले दिवस म्हणून उपयोगी पडत नाहीत.

डोस वाढवण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. हे जगाने करून पाहिलंय. अमेरिकेत १९४० ते १९६०च्या दशकांत थायरॉइडचा अर्क, ॲम्फेटॅमिन हे भूक मारणारं उत्तेजक आणि लघवी वाढवणारी औषधं एकत्र करून रंगीबेरंगी गोळ्या वजनासाठी विकल्या गेल्या. माणसं दगावली आणि १९६८मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्यांवर कारवाई करावी लागली. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, लठ्ठपणासाठी वापरू नये, मोठ्या डोसने जिवावर बेतू शकतं, असा चौकटीतला इशारा तिथे आजही या औषधावर छापलेला असतो. जादा डोसने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हाडं पोकळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. पाळी गेलेल्या बायकांना तर याचा धोका अधिक.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर बिघडत नाही. धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण ते गोळीची जागा घेऊ शकत नाही. सैंधवात मात्र आयोडीन जवळजवळ नसतं, आणि थायरॉइडचं संप्रेरक तर आयोडीनपासूनच बनतं. आयोडीनचं मीठ घरातून हद्दपार करू नका. ज्यांचं थायरॉइड खरंच मंद आहे त्यांनी गोळी मनाने सोडू नये. गरोदर बाईने तर एक दिवसही नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते.

म्हणजे लठ्ठपणात थायरॉइड तपासूच नये का? जरूर तपासावं. युरोपातल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात, आणि त्याच बजावतात की टी-४ नॉर्मल असताना नुसता टीएसएच वाढलाय म्हणून वजन उतरवायला गोळी देऊ नये. टीएसएच १०च्या वर असेल, गरोदरपण असेल किंवा मूल हवं असेल, तर गोष्ट वेगळी.

हे सगळं लिहायला बसलो ते एका ताईंमुळे. वय ४२, वजन ८४ किलो, टीएसएच ५.९, टी-४ नॉर्मल, थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीज नाहीत. ‘मला थायरॉइड आहे, म्हणून वजन,’ असं त्या तीन वर्षं स्वतःला आणि घरच्यांना सांगत होत्या. मेसेज दाखवून त्यांनी गोळी मागितली. मानेवरची त्वचा काळी, जाड झालेली होती, म्हणून मला साखरेची शंका आली. पोटाचा घेर मोजला, ९८ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांसाठी ८०च्या पुढे धोका धरतात. साखर या तीन वर्षांत एकदाही तपासलेली नव्हती. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ७.६ आला, उपाशीपोटीची साखर १४२. थायरॉइडच्या नावाखाली मधुमेह लपून बसला होता.

थायरॉइडची गोळी मी दिली नाही. मधुमेहाचं औषध सुरू केलं, रात्रीचं जेवण आठच्या आत आणायचं ठरलं, जेवणात भात कमी करून उसळ वाढवली आणि रोज पाऊण तास चालणं. टीएसएच तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहोत.