बटणाला नाव ठेवू नका

अ‍ॅप बनवणाऱ्या भाऊ, बटणाला नाव अजिबात देऊ नका. नुसतं चित्र काढा. घंटी, बाण, तीन टिंबं. डोळसांना कळतं ना? झालं तर मग. आम्हा अंधांचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला आवाज, 'अनलेबल्ड बटन' (बिननावाचं बटण) म्हणेल, आणि अशी पाच ओळीनं ठेवलीत की बोट सरकवत आम्ही जपमाळ ओढू.

नाव द्यायची फारच हौस असेल तर 'पैसे भरा बटन' असं द्या. 'बटन' टॉकबॅक स्वतःच जोडतो, म्हणजे ऐकू येतं 'पैसे भरा बटन बटन'. भरीत-पुरीच्या पंगतीतला आग्रह जणू.

यादी असली तर रावेरची केळी असोत की बोदवडचा कापूस, प्रत्येकापुढे फक्त 'पहा' लिहा. काय पहा, ते आमचं आम्ही पाहू!

आणि अपडेट करताना जुनी नावं पुसायला विसरू नका. परवा जळगावच्या स्टँडवर धुळ्याचं तिकीट काढत होतो. महिनाभरापूर्वी हेच अ‍ॅप नीट बोलायचं. आता 'सुंदर' झालंय. 'पुढे' आणि 'रद्द' दोन्ही मुकी. अंदाजानं दोनदा टिचकी मारली, सीट गेली. शेजारच्या शेंगावाल्याला विचारलं, कोणतं दाबू? तो म्हणाला, "हिरवं दाब ना भो!" त्याचं काय चुकलं? शेवटी फोन त्याच्या हातात दिला. पिनच्या पानावर आकडेही मुके, म्हणून गाडी लागलेली असताना भर स्टँडवर ओरडून पिन सांगितला. वय वर्षं बेचाळीस, नोकरी करतो, पगार माझा, खातं माझं. आणि पिन अख्ख्या फलाटाचा.

अरे, लाज वाटत नाही का? बटणाचं नाव लिहायला अँड्रॉइडला कंटेंट डिस्क्रिप्शन, आयफोनला अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल. एका बटणाला एक ओळ! दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तुम्ही मात्र बाणाचा रंग कोणता यावर मीटिंगा घेता. टॉकबॅक चालू करा, डोळे बांधा आणि स्वतःच्या अ‍ॅपवर एक तिकीट काढून दाखवा. धुळ्याचंसुद्धा नको, पाळधीपर्यंतचं काढा.

आणि मला पिन बदलायचाय. ते बटण पानावर कितवं आहे, तेवढं आधी कळवा.