२१२० पर्यंत निर्धास्त? कशाच्या जोरावर?

कर्नाटकातल्या सीमाभागात, आमच्या गावच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. १७२० प्लेग, १८२० कॉलरा, १९२० स्पॅनिश फ्लू, २०२० कोरोना. म्हणे महामारी शंभर वर्षांनी एकदाच येते, तेव्हा दवाखान्यातले ऑक्सिजन प्लांट आणि जादा खाटा म्हणजे पैशाचा चुराडा. शेवटी शेपूट: 'लागलंच तर मिरज-कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे.'

आधी सनावळी. मार्सेयचा प्लेग १७२० चा, हे खरं. पण कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ बंगालात १८१७ ला सुरू झाली, फ्लू १९१८ चा, आणि कोविड-१९ च्या नावातच १९ आहे. शून्याला जुळावं म्हणून सालं ओढूनताणून बसवलीत. १९५७, १९६८ आणि २००९ च्या फ्लूच्या साथी तर चक्क गाळल्या. १८९६ ला मुंबईत शिरलेला प्लेगही गाळला, जो पुढं बेळगाव-धारवाडपर्यंत आला आणि लोकांना घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला लागलं.

आता चुराडा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. हाय-फ्लो नळीवरच्या अत्यवस्थ रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागतो. करा भागाकार: एका माणसाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. मे २०२१ मध्ये कर्नाटकातल्याच चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनअभावी माणसं गेली. त्याआधी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकी होती, ऑक्सिजनही होता. गळतीनं दाब उतरला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. म्हणजे नुसती टाकी पुरत नाही, तिच्याजवळ जाणता माणूस लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्लांट तर विजेवर चालतो, आणि खानापूरकडं पावसाळ्यात विजेचं काय होतं ते मी सांगायला नको.

फॉरवर्डमधलं एवढं मात्र मान्य, की धूळ खात पडलेलं यंत्र वायाच जातं. मग ते चालवा की! मण्यार चावल्यावर श्वास थांबतो, तेव्हा उसाच्या फडातल्या माणसाला व्हेंटिलेटरच वाचवतो. त्यासाठी साथ यायला लागत नाही.

राहिलं मिरज. तिथल्या दवाखान्यांबद्दल तक्रार नाही, आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं तिथलीच. पण २०२१ ला महाराष्ट्रातून येताना कर्नाटकाच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागत होते. रुग्ण ॲम्ब्युलन्समधून जाईलही, डबा पोचवून परत येणाऱ्या भावाचं काय? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली, चांगलंच झालं. पण नाका बंद झाला की कार्ड खिशातच राहतं. शिवाय साथ ऐन भरात असताना मिरजेच्या खाटा मिरजेच्याच रुग्णांनी भरलेल्या असतात.

तेव्हा हा मेसेज पुढं ढकलण्याआधी निपाणी, चिकोडी, खानापूर, जो आपला तालुका असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात एक चक्कर मारा. प्लांट शेवटचा कधी चालवला, जनरेटरला डिझेल किती तासांचं आहे, आणि रात्रपाळीला व्हॉल्व्ह कुणाला फिरवता येतो, एवढं विचारून या. आणि उपचाराआधी सही घेतात ते संमतीपत्र मराठीत वाचून दाखवणारं कुणी आहे का, तेही.