चेटकिणींच्या शाळेला होस्टेल आहे का?

काल संध्याकाळी कल्याण स्लोला चक्क विंडो मिळाली म्हणून मी पुस्तक काढलं, आणि तिथेच माती खाल्ली. शेजारच्या काकू मांडीवर पिशवी पसरून गवार मोडत होत्या, मोडता मोडता कव्हरवर वाकल्या.

"स्कूल? मुलीसाठी घेतलंस?"

"नाही, माझ्यासाठीच."

यावर जो लूक मिळाला तो अजून डोक्यात जातोय.

पुस्तक सोमन चैनानीचं द स्कूल फॉर गुड अँड ईव्हिल, 2013 चं. दर चार वर्षांनी गावातली दोन मुलं पळवून नेतात, एकाला राजपुत्र-राजकन्यांच्या शाळेत आणि दुसऱ्याला चेटकीण-राक्षसांच्या. गुलाबी फ्रॉकवाल्या सोफीला राजकन्याच व्हायचं असतं तर ती पडते चेटकिणींत आणि स्मशानाशेजारी राहणारी तिची मैत्रीण अगाथा जाते राजकन्यांत. हे मी काकूंना सांगितलं कारण त्यांनी विचारलं.

"म्हणजे अ‍ॅडमिशनचा घोळ."

"घोळ नाही हो, तीच तर गंमत आहे."

"घोळच. आमच्या भाचीचं असंच झालं होतं. अर्ज करायचा ना लगेच. आणि विषय काय असतात?"

"वाईटांच्या शाळेत कुरूप व्हायला शिकवतात, शाप द्यायला..."

"त्याला शाळा कशाला? आमच्या मोठ्या जाऊबाई सातवी नापास आहेत. फी?"

"फी नसते. पळवूनच नेतात."

"होस्टेल?"

"आहे."

"मग वाईट नाही. नापास झालं तर?"

"दुसऱ्यांच्या गोष्टीत प्राणी नाहीतर झाड करून टाकतात."

काकूंचा हात थांबला. "झाड बरं. कोणी स्वयंपाक तरी सांगत नाही."

इथे मला त्या आवडायला लागल्या होत्या, खरंच. पण लगेच "एवढी घोडी झालीस तरी परीकथा वाचतेस, घरचे काही म्हणत नाहीत?" आता परीकथा म्हणजे बाळबोध हे यांना सांगितलं कोणी? 1812 मध्ये ग्रिम बंधूंनी पहिला खंड काढला त्यातल्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून पायाचं बोट आणि टाच कापून घेतात, हे काय झोपवायला सांगायचं? आणि समोरची बाई ठाण्यापर्यंत फुल आवाजात रील बघत होती तिला कोणी हूं की चूं केलं नाही. मोबाईलमध्ये डोकं घाला, कुणाचं काही जात नाही, पुस्तक उघडलं की सगळ्या डब्याला तुमच्या भवितव्याची काळजी.

असो. तर काकूंनी नातीला व्हिडिओ कॉल लावला. स्पीकरवर. "अगं ही ताई ते शाळेचं वाचत्ये, तू वाचलंयस ना?" नात खूश, ओ माय गॉड ताई, मी सगळे भाग वाचलेत, 2022 चा पिक्चर पण बघितलाय, शेवटी ना... आणि सांगितलाच शेवट! पूर्ण. कोण मरतं, कोण कुणाला वाचवतं, कशाने वाचवतं, सगळं. (मी इथे लिहिणार नाही, माझ्यात तेवढी माणुसकी आहे.) मी अर्ध्यातसुद्धा नव्हते हो. नवं कोरं पुस्तक, पूर्ण किमतीत घेतलेलं.

काकूंनी समाधानाने फोन ठेवला. "झालं, कळली गोष्ट. डोळ्यांना ताण कशाला उगाच? आता मोकळीच आहेस तर ही उरलेली गवार घे, दोघी मिळून होईल पटकन."

मोडली. डोंबिवलीपर्यंत मोडली, आणि बाई थँक्यूसुद्धा न म्हणता उतरल्या.