खुलासा : नुसते आडनाव सांगून वंशावळ मिळत नाही

‘नाशिकला रामकुंडावर जा, आडनाव सांगा, वीस पिढ्यांची वंशावळ हातात पडेल,’ असा निरोप सध्या फिरतो आहे. अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवतो.

तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या, असतात, हे खरे. पण नुसत्या आडनावावर त्या उघडून काय मिळणार? शिंदे, जाधव गावोगाव आहेत. आधी मूळ गाव सांगावे लागते, मग त्या गावाचे उपाध्ये कोण ते शोधावे लागते. शिवाय वहीत नोंद होते ती यात्रेला किंवा अस्थी घेऊन आलेल्यांची, आणि त्यांनी स्वतः सांगितलेल्या नावांची. पणजोबा नाशिकला गेलेच नसतील, तर तिथे पान कोरेच. जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. वाचणारा सोबत न्या.

वारस नोंदीचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदी, मात्र अनेकजण विसरतात. सातबारा आजचा खातेदार दाखवतो. तो कोणाच्या मृत्यूनंतर, कोणत्या नात्याने आला, हे फेरफारात असते. जोडीला जुन्या गाव नमुना 14 मधली (कोतवाल बुकातली) जन्म-मृत्यूची नोंद आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे.

आणि हे सगळे करण्याआधी घरातल्या थोरल्या आत्याकडे जाऊन बसा. कोण दत्तक गेले, कोणी गाव सोडले, आडनाव कधी बदलले, हे तिला ठाऊक असते. तिने सांगितलेली सालं चुकतील, नाती सहसा नाही. सालं कागदावरून जुळवता येतात.