दोन सेंटिमीटरचा हट्ट आणि काठावरची शाई

परभणी-हिंगोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्तनाच्या कॅन्सरात नुसती गाठ काढू देऊ नका, हरळीसारखी मुळं राहतात. चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर काढा, नाहीतर पूर्ण स्तन काढा. मार्जिन पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर अंगभर पसरला.’

दोन सेंटिमीटरला आधार नाही. मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याचा काठ. त्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात, काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दूधनळीबाहेर पडलेल्या कॅन्सरची पेशी शाईला टेकली नसेल, तर काठ मोकळा. पुढे रेडिएशन होणार असेल तर याहून रुंद काठाचा फायदा नाही, असं अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी 2014 मध्येच ठरवलं. नळीतच असलेला कॅन्सर तुटक तुटक सरकतो, म्हणून तिथं 2 मिलिमीटर मोकळा काठ हवा.

हरळीची उपमा मात्र अगदीच खोटी नाही. बारीक पेशी राहू शकतात; रेडिएशन, म्हणजे शेक, त्यासाठीच. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 20 वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतला तो शेक घेतलेल्या 14.3 टक्के आणि न घेतलेल्या 39.2 टक्के बायकांत. पूर्ण स्तन काढलेल्या बायका यांच्यापेक्षा जास्त जगल्या, असंही दिसलं नाही.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे पेशी काठाला लागली, एवढंच. त्या बाजूचा थर पुन्हा काढायचा. पण बाजू कळणार कशी? तुकड्याच्या वरच्या बाजूला आखूड दोऱ्याचा टाका, काखेकडच्या बाजूला लांब दोऱ्याचा, ही खूण ऑपरेशनच्या टेबलावरच हवी. खरी गफलत इथं होते. टाके नसतात, किंवा ‘आत काय आहे बघू’ म्हणून गाठ मधोमध चिरतात. मग शाई भेगेत उतरते आणि मोकळा काठही लागलेला दिसतो. लहान तोंडाच्या बाटलीत कोंबलेला किंवा सलाइनमध्ये टाकलेला तुकडा तालुक्याहून लातूरला, संभाजीनगरला पोचेपर्यंत खराब होतो. औषध ठरवणाऱ्या हार्मोन आणि हर-टूच्या (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रथिन) तपासण्यांवरही भरवसा राहत नाही. रुंद तोंडाची बरणी, तुकड्याच्या दसपट 10 टक्के फॉर्मालिन (तुकडा टिकवणारं द्रावण), आणि तासाच्या आत तुकडा त्यात.

पूर्ण स्तन काढणं कधीकधी योग्यच असतं: कॅन्सर स्तनभर विखुरलेला असेल, पुन्हा कापूनही काठ मोकळा होत नसेल, किंवा शेक देता येणार नसेल. मराठवाड्यात शेवटचं कारण जड आहे. साधारण 15 शेक, आठवड्यातून पाच, म्हणजे तीन आठवडे. हिंगोलीहून रोजची ये-जा झेपत नाही. तेव्हा शेक कुठं आणि मुक्काम कुठं, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.