जुन्या बोटीचा रंग का खरवडू नये

नमस्कार. “खेळणी खेळण्यासाठी असतात, रंगाचे पोपडे सुटलेली बोट कपाटात जपणं म्हणजे निव्वळ साठेबाजी,” असं तुम्ही म्हणता. एक जुनी लाकडी बोट पॉलिशपेपरने घासून, नवा रंग देऊन नातवाला दिली आणि दुसरीही घासायला काढणार आहात, असंही लिहिलंय.

वाद नंतर घालू. आधी ती बोट नातवाकडून आजच काढून घ्या. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं सर्रास असायचं; अमेरिकेतसुद्धा खेळण्यांवरच्या अशा रंगाला बंदी आली ती १९७८ मध्ये. वरून नवा हात दिला म्हणून खालचा थर जात नाही. बोट आपटली की टवका उडतो आणि लहान मूल तो तोंडात घालतं. घासताना उडालेली धूळ तर त्याहून वाईट. जिथे घासलीत तिथे कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. नातू अजून वस्तू तोंडात घालायच्या वयाचा असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. बोट शिडाची असेल तर तळाशी वजनासाठी शिशाचा तुकडा लावलेला असू शकतो, तेही बघा.

आता साठेबाजीचं. नोहाचं तारू घ्या, म्हणजे बायबलमधल्या महापुरात प्राण्यांच्या जोड्या वाचवणारी बोट; तिचं खेळणं प्राण्यांसकट मिळायचं. बोटही तीच आणि खेळाचा अख्खा संचही तोच. जर्मनीत सायफेनच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात अशी तारवं भरपूर बनली. त्यातले प्राणी अख्खे चाकूने कोरलेले नसतात. कातारी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या ओंडक्याची चकती लेथवर चढवून तिचं कडं कातायचा, आणि केकसारखे काप काढले की प्रत्येक कापात तीच गाय. कातताना ती गाय कुठेच दिसत नाही! आकृती कड्याच्या आत असते, हाताला पाठ असल्याशिवाय ती जमत नाही. मग घरोघरी चाकूने कडा गोल करून प्राणी रंगवले जायचे, आणि या कामाला लहान मुलंही बसवलेली असत.

असा प्राणी वरून पाहिला तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता दिसतो. कड्यातून निघाल्याची खूण ती हीच. पॉलिशपेपरने जोरात घासलं तर ती खूण पुसट होते, आणि त्या मुलांच्या हातचा रंग तर जातोच. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मागे राहिलाय तो त्यांच्या ब्रशचा फटकारा. मी जपतो ते हे. याला साठेबाजी म्हणणं मला मान्य नाही.

मुलांनी लाकडाशी खेळावं, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. त्यासाठी नव्या, रंग न दिलेल्या लाकडाची बोट आणा आणि टबात खुशाल बुडवू द्या.

दुसऱ्या बोटीची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हळूच काढा. पोपडे सुटत असतील तिथे ब्रशही लावू नका. पाणी अजिबात नको. जुने सांधे पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात, काही रंगही सरसातच कालवलेले, आणि सरस पाण्याने सुटतो. बारीक भोकांतून ताजी पूड गळत असेल तर लाकडातला किडा बहुधा अजून जिवंत आहे. तसं दिसलं तर बोट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बाकीच्या लाकडी वस्तूंपासून लांब ठेवा, आणि तिच्या तळाचा नि बाजूचा फोटो मला पाठवा.